विश्लेषण : ‘माझ्या संगणकावर चालते’, मग दुसरीकडे चाचणी नापास का?

मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या लिनक्स यंत्रणेत एक बारीकशी खोट जाणवली. दूरच्या संगणकात शिरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘एसएसएच’ला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता. फ्रॉइंड ‘पोस्टग्रेस’ या ओपन सोर्स डेटाबेसवर काम करतात. काही आठवड्यांपूर्वी त्याच डेटाबेसच्या स्वयंचलित चाचण्यांत ‘व्हॅलग्राइंड’ या तपासणी साधनाने विचित्र तक्रार नोंदवल्याचे त्यांना आठवले. दोन्ही धागे ‘एक्सझेड’ या फाइल दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी जाऊन मिळाले. त्यात कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. तो जगभरातल्या सर्व्हरांवर पोहोचण्याआधी, २९ मार्च रोजी, फ्रॉइंड यांनी तो उघड केला. नापास चाचण्यांकडे बहुतेक ठिकाणी कटकट म्हणून पाहिले जाते. त्यामुळे हे प्रकरण दोन वर्षांनंतरही पुन्हा वाचण्यासारखे आहे.

बांधणी आणि चाचणी म्हणजे नेमके काय?

ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा मूळ कोड सगळ्यांना खुला असतो. तो संगणकाला चालवता येईल अशा रूपात आणण्याच्या कामाला बांधणी किंवा बिल्ड म्हणतात. मूळ लेखक आपल्या लॅपटॉपवर बांधणी करतो. पण त्याच कोडची बांधणी पुढे कित्येक जण कित्येक यंत्रांवर करतात. उदाहरणार्थ, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ‘डेबियन १३’मध्ये सुमारे ७० हजार पॅकेजेस आहेत आणि ही आवृत्ती ७ प्रकारच्या यंत्ररचनांसाठी तयार होते. त्यांत नेहमीचे इंटेल-एएमडी आहेत, फोनमध्ये असतात तसे एआरएम आहेत, नवे ‘रिस्क-व्ही’ आहे आणि आयबीएमचे मेनफ्रेमही आहेत.

बांधणीनंतर त्याच सॉफ्टवेअरसोबत आलेल्या चाचण्या चालतात. ‘हे दिले तर हे उत्तर यायला हवे’ अशा शेकडो छोट्या प्रश्नांची ती प्रश्नपत्रिका असते. लेखकाकडे सगळी उत्तरे बरोबर येतात आणि दुसऱ्याकडे चार चुकतात. मग लेखक म्हणतो, माझ्याकडे तर चालते. दोघेही खरे बोलत असतात.

यंत्र बदलले की उत्तर कसे बदलते?

काही फरक थेट हार्डवेअरमधून येतात. इंटेलवर संख्येचा सर्वात लहान बाइट आधी ठेवला जातो, तर आयबीएमच्या मेनफ्रेमवर सर्वात मोठा. एखाद्या प्रोग्रामने ४ बाइटांत लिहिलेला १ हा आकडा दुसऱ्या रचनेत जसाच्या तसा वाचला, तर तो १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ होतो. ही चूक इंटेलच्या लॅपटॉपवर कधीच दिसणार नाही. मेनफ्रेमवरची चाचणी मात्र पहिल्याच फेरीत ती दाखवते.

सी भाषेतला ‘कॅर’ हा प्रकार असाच फसवा. लिनक्सवर इंटेलसाठी त्यात उणे १२८ ते १२७ मावतात, एआरएमसाठी ० ते २५५. फाइल संपल्याची खूण सहसा उणे १ असते. ती ‘कॅर’मध्ये साठवून तपासणारा प्रोग्राम इंटेलवर थांबतो, एआरएमवर फाइल संपली तरी फिरतच राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, यंत्र मंद आहे, म्हणून वेळ संपून चाचणी नापास झाली. मग वेळेची मर्यादा वाढवली जाते. दुखणे रेड्याला आणि औषध पखालीला!

दशांश संख्यांचे प्रकरण याहून जुने आहे. ३२ बिटांच्या जुन्या इंटेल रचनेत आकडेमोड आतल्या आत ८० बिटांत होते आणि स्मृतीत ठेवताना ६४ बिटांत कापली जाते. कंपायलरने मधले उत्तर कुठे ठेवले यावर शेवटचे अंक बदलतात. ‘जीसीसी’ या कंपायलरच्या दोषनोंदवहीत ३२३ क्रमांकाची नोंद याच विषयावर २००० सालापासून आहे आणि तिला जोडलेल्या तक्रारींची रांग मोठी आहे. अशा ठिकाणी सहसा चाचणीच हट्टी असते. शेवटच्या अंकापर्यंत समानता मागण्याऐवजी योग्य तेवढी सूट देणे हा तिथला खरा उपाय. ती सूट किती, हे मात्र गणित समजणाऱ्यानेच ठरवावे. चाचणी हिरवी होईपर्यंत ती वाढवत नेणे म्हणजे ती बंद करण्यासारखेच आहे.

फाइलींच्या क्रमाने रसायनशास्त्र कसे अडले?

संगणकाला ‘या फोल्डरमधल्या फाइली दे’ म्हटले की त्या वर्णानुक्रमे येतीलच असे नाही. काही यंत्रणांवर तशा येतात, म्हणून प्रोग्रामर ते गृहीत धरतो. २०१४ मध्ये ‘नेचर प्रोटोकॉल्स’मधल्या एका लेखासोबत रासायनिक संयुगांची रचना ओळखायला मदत करणाऱ्या पायथन स्क्रिप्ट प्रसिद्ध झाल्या. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांच्या लक्षात आले की तोच डेटा आणि तीच स्क्रिप्ट यंत्रणेगणिक वेगळे उत्तर देते. विंडोज १० आणि मॅकओएस मॅव्हरिक्सवर १७३.२, मॅकओएस मोहावीवर १७२.७ आणि उबुंटूवर १७२.४. कारण एवढेच की फाइली कोणत्या क्रमाने येतील हे स्क्रिप्टने गृहीत धरले होते. दुरुस्ती म्हणून फाइलींची यादी क्रमाने लावणारा एक शब्द पुरला. पण शंभराहून अधिक शोधनिबंध तपासून पाहावे लागतील, अशी चर्चा तेव्हा झाली. एकाच संगणकावर चालवून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसले नसते.

मराठी भाषेचा आणि भारतीय वेळेचा यात काय संबंध?

बराच. भाषांच्या चालीरीतींची माहिती देणाऱ्या ‘सीएलडीआर’ या जागतिक संग्रहात मराठीसाठी ठरलेले अंक देवनागरी आहेत, हिंदीसाठी मात्र इंग्रजी. त्यामुळे अँड्रॉइड फोनची भाषा मराठी असेल आणि आकडा तयार करताना प्रोग्रामरने भाषा स्पष्ट सांगितली नसेल, तर तो आकडा देवनागरीत उमटतो. पडद्यावर तो छानच दिसतो. पण तोच मजकूर तारीख किंवा रक्कम म्हणून सर्व्हरकडे गेला, की सर्व्हरला तो आकडा वाटतच नाही. इंग्रजीत ठेवलेल्या संगणकावर ही चाचणी पास होते. ‘भारतीय भाषेतही तपासले’ म्हणून हिंदीत चालवली तरी पास होते. मराठी लावली की पडते. मराठीत फोन वापरणाऱ्यांना एखादे अ‍ॅप मध्येच का अडते, याचे एक कारण इथे सापडू शकते.

दुसरी गोष्ट ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ या शब्दांतल्या ‘ऱ’ची. युनिकोडमध्ये हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येते. एक, स्वतंत्र चिन्ह म्हणून. दुसरे, ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशा जोडीने. डोळ्यांना दोन्ही सारखे, बाइट वेगळे. मॅकची जुनी ‘एचएफएस प्लस’ फाइलव्यवस्था अशी नावे फोडून जोडीच्या रूपात साठवत असे. लिनक्स मात्र नाव म्हणजे केवळ बाइटांची रांग समजते. मग मॅकवर तयार झालेली ‘दऱ्या’ नावाची फाइल लिनक्सवरच्या चाचणीला सापडत नाही, आणि यादीत तर ती समोर दिसत असते. अशा वेळी माणूस आपल्याच डोळ्यांवर संशय घेतो.

वेळेचेही तसेच. भारत ग्रीनिचपेक्षा साडेपाच तासांनी पुढे आहे. जगातले फरक पूर्ण तासांचेच असतात असे मानून लिहिलेल्या चाचण्या इथे पडतात. तिकडे रात्रीचे ८ वाजलेले असताना इथे दुसऱ्या दिवसाचा दीड वाजलेला असतो, त्यामुळे ‘आजची तारीख’ विचारणारी चाचणी दिवसाच्या ठरावीक तासांतच नापास होते. सकाळी चालवली तर दोष गायब, आणि तो पुन्हा कधी येईल याची वाट पाहत बसावे लागते.

मग शोध घ्यायचा कसा?

आधी नोंद वाचायची, आणि शेवटापासून नव्हे तर पहिल्या चुकीपासून. शेवटच्या शंभर ओळी बहुतेकदा पहिल्या चुकीचे पडसाद असतात. मग ती एकच चाचणी वेगळी चालवून पाहायची. एकटी चालवल्यावर पास झाली, तर दोष दुसऱ्या चाचणीशी झालेल्या धक्काबुक्कीत आहे. दोघी एकाच तात्पुरत्या फाइलीत लिहीत असतील, किंवा एकाच पोर्टवर बसू पाहत असतील.

त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. अनुभवी माणसे इथे घाई करत नाहीत. भाषेची मांडणी मूळ ‘सी’वर आणायची, मग वेळ यूटीसीवर. समांतर कामे बंद करून एकेक करवायची. कंपायलरची वेगवाढ काढून टाकायची. यांपैकी कोणत्या बदलानंतर लाल दिवा हिरवा होतो, त्यावरून दोषाचे घर कळते. चारही एकदम बदलले तर चाचणी पास होईल, पण कारण हाती लागणार नाही.

काही कारणे इतकी साधी असतात की ती शेवटी सुचतात. कंटेनरमध्ये काम बहुधा ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने चालते. ‘परवानगी नसलेली फाइल उघडू नये’ ही चाचणी तिथे नापास होणारच, कारण रूटला सगळे उघडते. डेबियनच्या नियमानुसार बांधणीदरम्यान इंटरनेटला हात लावता येत नाही, त्यामुळे एखादे संकेतस्थळ गाठू पाहणारी चाचणी तिथे पडते. कुठे चाचणीसाठी बनवलेल्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदतच उलटलेली असते आणि काल पास झालेला कोड आज काहीही न बदलता नापास होतो.

काल चालत होते आणि मधल्या बदलांत बिघडले असेल, तर ‘गिट बायसेक्ट’ कामी येते. दर वेळी उरलेल्या बदलांचे दोन भाग करायचे आणि मधला तपासायचा. १ हजार बदलांतला दोषी बदल साधारण १० फेऱ्यांत सापडतो. मेनफ्रेम घरात नसला तरी ‘क्यूईएमयू’ त्याची नक्कल साध्या लॅपटॉपवर चालवते. ती संथ असते, पण बाइटांच्या क्रमाची चूक पकडायला तेवढी पुरते.

चाचणी सरळ बंद केली तर?

हाच सर्वात सोपा मार्ग, आणि सर्रास वापरला जाणारा. तो नेहमीच चुकीचा असतो असे नाही. चाचणीच चुकीचे गृहीत धरत असेल, तर कारण लिहून, मूळ लेखकाला कळवून, त्या एका यंत्रणेपुरती ती वगळणे रास्त आहे. पण कारण न कळताच आवाज बंद करण्याची किंमत डेबियननेच मोजली आहे. २००६ मध्ये ‘ओपनएसएसएल’मधल्या काही ओळींवर तपासणी साधन इशारे देत होते, म्हणून त्या काढण्यात आल्या. इशारे थांबले. पण गुप्त किल्ल्यांसाठी लागणारी यादृच्छिकताही त्यांच्यासोबत गेली. मागे उरला तो फक्त प्रक्रियेचा क्रमांक, म्हणजे एका प्रकारच्या किल्लीसाठी जेमतेम ३२ हजार शक्यता. मे २००८ मध्ये ते उघड होईपर्यंत जवळजवळ दोन वर्षे अशा किल्ल्या तयार होत राहिल्या. त्या ओळी काढणाऱ्याने त्याआधी सार्वजनिकरीत्या विचारणाही केली होती. तेव्हा धोका नीट सांगणारे कोणी भेटले नाही, ही यातली खरी दुखरी जागा. हे बरेचसे काम स्वयंसेवक करतात, रात्री, नोकरी सांभाळून. नापास चाचणीच्या मुळाशी जायला दोन दिवस लागतात आणि ती वगळायला एक ओळ. फुकटच्या कामावर उभ्या राहिलेल्या कंपन्यांनी हे दोन दिवस कोणाच्या खिशातून जातात याचा हिशेब क्वचितच मांडला आहे.

एक्सझेडमध्ये चोरदरवाजा होता कुठे?

चाचण्यांच्या फोल्डरमध्येच. बिघडलेली फाइल सॉफ्टवेअर नीट ओळखते का, हे तपासण्यासाठी म्हणून ठेवलेल्या बायनरी फाइलींत घातक कोड दडवला होता. अशा फाइली मुद्दाम मोडलेल्या असतात, त्यामुळे त्या उघडून पाहायला कोणी जात नाही. बांधणीच्या वेळी एक स्क्रिप्ट तो कोड बाहेर काढी, तोही ६४ बिटांच्या इंटेल-एएमडी लिनक्सवर, ठरावीक कंपायलर असताना आणि डेबियन किंवा रेड हॅट पद्धतीचे पॅकेज बनत असतानाच. दुसऱ्या यंत्रणेवर बांधणी करणाऱ्याला काहीच सापडले नसते.

तरीही हल्लेखोराचा हिशेब एका ठिकाणी चुकला. स्मृतीची मांडणी सगळीकडे त्याच्या अपेक्षेसारखी नव्हती. त्यामुळे ५.६.० या आवृत्तीत काही ठिकाणी व्हॅलग्राइंडच्या तक्रारी आल्या, काही ठिकाणी प्रोग्राम कोसळले. ९ मार्चला आलेल्या ५.६.१ मध्ये चाचणीच्या त्याच फाइली बदलून या तक्रारी मिटवण्याचा प्रयत्न झाला. त्यानंतर वीस दिवसांनी फ्रॉइंड यांचा ईमेल आला.