घड्याळ थांबले की नाटकही थांबेल

फुटबॉलच्या कोणत्याही चुरशीच्या सामन्याची शेवटची दहा मिनिटे पाहा. एका गोलने पुढे असलेल्या संघाचा गोलकीपर चेंडू पोटाशी धरून जमिनीवर पडून राहतो. थ्रो-इनसाठी आलेला खेळाडू चेंडू पुसतो, इकडेतिकडे पाहतो आणि शेवटी तो दुसऱ्याच्याच हाती देतो. कोणाच्या बुटाची नाडी नेमकी आत्ताच सुटते. कोणी जरासा धक्का लागताच पाय धरून विव्हळतो आणि शिट्टी वाजली की हरणासारखा पळू लागतो. प्रेक्षक चिडतात, पिछाडीवरचा संघ चिडतो, आणि घड्याळ मात्र चालूच राहते.

याला आपण खेळाडूंची वृत्ती म्हणून नावे ठेवतो. ते चूक नाही, पण अपुरे आहे. वेळकाढूपणा होतो, कारण तो फायद्याचा आहे. तो फायदा काढून घ्या, म्हणजे निम्मे नाटक आपोआप बंद पडेल. खेळाचा इतिहास हेच सांगतो.

1982 च्या विश्वचषकात स्पेनमधल्या गिहोन शहरात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया समोरासमोर आले. अल्जेरियाचा शेवटचा साखळी सामना आदल्या दिवशीच झाला होता, त्यामुळे जर्मनीने एक-दोन गोलने जिंकले तर दोघेही पुढे जाणार आणि अल्जेरिया बाहेर पडणार, हा हिशोब सर्वांना ठाऊक होता. जर्मनीने सुरुवातीलाच एक गोल केला आणि त्यानंतर दोन्ही संघ उरलेला वेळ चेंडू इकडून तिकडे ढकलत राहिले. नियम एकही मोडला गेला नाही, लाज मात्र खेळाची गेली. पुढच्या स्पर्धेपासून प्रत्येक गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू होऊ लागले. एक वेळापत्रक बदलले आणि ती पळवाट बुजली.

1992 चा नियमही असाच. त्याआधी बचावपटू गोलकीपरकडे चेंडू मारायचा, तो हातात घ्यायचा, पुन्हा बचावपटूकडे द्यायचा, आणि वेळ मारून नेली जायची. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला पास गोलकीपरने हातात घ्यायचा नाही, एवढेच नियमात लिहिले गेले. आज हा नियम नव्हता असा फुटबॉल आपल्याला पाहवणारही नाही.

पण नियम लिहिला म्हणजे काम झाले असेही नाही. गोलकीपरने सहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ चेंडू हातात ठेवू नये, हा नियम अनेक वर्षे पुस्तकात होता. शिक्षा होती पेनल्टी क्षेत्राच्या आत अप्रत्यक्ष फ्री किक. चार-पाच सेकंदांच्या विलंबासाठी एवढी जबर शिक्षा द्यायला कोणता रेफ्री धजावेल? म्हणून ती जवळजवळ कोणीच दिली नाही. 2025 मध्ये नियम बदलला. मुदत आठ सेकंदांची झाली, शेवटचे पाच सेकंद रेफ्री हात वर करून सर्वांना दिसेल असे मोजतो आणि मुदत संपली तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. शिक्षा हलकी झाली, म्हणूनच ती देता येण्याजोगी झाली. आपल्याकडे ही गोष्ट कोणत्याही उस्तादांना सांगावी लागणार नाही. क्वचित होणाऱ्या मोठ्या शिक्षेपेक्षा हमखास होणारी छोटी शिक्षा शिस्त लावते.

याच तत्त्वावर आणखी तीन बदल व्हावेत असे मला वाटते.

पहिला बदल घड्याळाचा. नव्वद मिनिटांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो जेमतेम साठ मिनिटे, पुष्कळदा त्याहूनही कमी. 2022 च्या कतार विश्वचषकात वाया गेलेला वेळ काटेकोरपणे भरून देण्याचा प्रयत्न झाला. इंग्लंड-इराण सामन्याच्या पहिल्या अर्ध्यात, इराणच्या गोलकीपरला डोक्याला मार लागल्यामुळे, तब्बल 14 मिनिटे वाढवून दिली गेली. हेतू चांगला होता, पण वाढीव वेळ हा अखेर रेफ्रीचा अंदाज असतो, आणि त्या वाढीव वेळातही वेळ काढता येतो. त्यापेक्षा अर्धा तास, अर्धा तास असे दोन भाग ठेवावेत आणि चेंडू बाहेर गेला की घड्याळ थांबवावे. नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने 2017 मध्ये ही कल्पना चर्चेला घेतली होती. यामुळे खेळाचा ओघ तुटेल, असा आक्षेप घेतला जातो. पण ओघ आज कोण तोडतो? जमिनीवर लोळून मिळवण्यासारखे काही उरले नाही, तर लोळणारा लवकर उठेल.

इतर खेळांनी हे धाडस केव्हाच केले आहे. कबड्डीत चढाईला तीस सेकंद मिळतात, त्यावर कोणी तक्रार करत नाही. क्रिकेटमध्ये दोन षटकांमध्ये साठ सेकंदांचे घड्याळ लागते. 2024 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात भारताविरुद्ध अमेरिकेने तिसऱ्यांदा उशीर केला आणि भारताच्या खात्यात पाच धावा जमा झाल्या.

दुसरा बदल दुखापतीच्या ढोंगाबद्दल. अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमध्ये खेळाडू पंधरा सेकंदांहून अधिक काळ पडून राहिला आणि वैद्यकीय पथक आत आले, तर त्याला दोन मिनिटे बाहेर थांबावे लागते. यावर कोणी म्हणेल, खरोखर लागलेल्याला का शिक्षा? चोर सोडून संन्याशाला फाशी नको, हे खरेच. म्हणून डोक्याची दुखापत, गोलकीपर, आणि ज्या फाऊलसाठी समोरच्याला कार्ड मिळाले आहे तो प्रसंग, हे अपवाद तिथे ठेवले आहेत. आणि ज्याला खरोखर लागले आहे, त्याला दोन मिनिटे डॉक्टरांपाशी बसवणे ही शिक्षा नसून काळजी आहे.

तिसरा बदल उघड फसवणुकीबद्दल. 2010 च्या विश्वचषकात घानाचा चेंडू गोलात शिरत असताना उरुग्वेच्या सुआरेझने तो हाताने अडवला. त्याला लाल कार्ड मिळाले, घानाला पेनल्टी मिळाली, ती आडव्या खांबावर आदळली आणि पुढे शूटआऊटमध्ये उरुग्वे जिंकला. नियमाप्रमाणे सगळे बरोबर झाले, तरी न्याय झाला असे मन म्हणत नाही. नक्की होणारा गोल हाताने अडवला, तर रग्बीतल्या पेनल्टी ट्रायसारखा गोलच का देऊ नये? आणि खोटे पडून फाऊल मागणाऱ्याला पिवळे कार्ड दाखवून तिथेच ठेवण्याऐवजी, हॉकीतल्यासारखे काही मिनिटे बाहेर बसवावे. पिवळे कार्ड त्याच्या नावावर जाते, तर दहा जणांनिशी खेळण्याचा चटका सगळ्या संघाला बसतो. मग त्याला जाब त्याचे सोबतीच विचारतील.

एवढे करूनही एक गोष्ट नियमांच्या हाताबाहेर राहते. 2012 मध्ये लाझिओकडून नापोलीविरुद्ध खेळताना मिरोस्लाव क्लोजाच्या हाताला लागून गोल झाला आणि रेफ्रीने तो दिलाही. क्लोजाने स्वतः जाऊन खरे सांगितले. गोल रद्द झाला, लाझिओ सामना हरला. ते नियमाने त्याच्याकडून करवून घेतलेले नव्हते.

आपल्या शाळेत हा प्रश्न जास्त गंभीर आहे. इथल्या कित्येक छात्रांना उद्या गणवेश चढवायचा आहे. सीमेवर एखादा जवान "मला लागलंय" म्हणतो, तेव्हा त्याचे साथीदार क्षणाचाही विचार न करता धावतात. त्या हाकेवरचा विश्वास हेच त्यांचे कवच असते. मैदानावर खोटे विव्हळायला शिकणारा मुलगा त्याच विश्वासाला भोक पाडत असतो. आणि ते शिकवणारे बहुतेक वेळा आपणच असतो. कडेला उभे राहून "पडून राहा, टाइम घे" असे ओरडणारे सीनियर, आणि जिंकल्यावर "कसं जिंकलास" हे न विचारणारे पालक.

जगाचे नियम बदलायला आंतरराष्ट्रीय मंडळाच्या आठ मतांपैकी सहा लागतात. आपल्या इंटर-हाऊस सामन्यांसाठी तेवढी लागणार नाहीत. शालेय फुटबॉलसाठी सामन्याची लांबी बदलायची आणि खेळाडूला काही वेळापुरते बाहेर बसवायची मोकळीक मूळ नियमांतच आहे. क्रीडा विभागाला माझी सूचना अशी, की पुढच्या एका सत्रापुरते हे करून पाहावे: अंतर्गत सामन्यांत टेबलावर एक टाइमकीपर आणि थांबणारे घड्याळ, मदत आत आली की खेळाडू दोन मिनिटे बाहेर, डोक्याला मार असेल तर वेळेचे बंधन नाही, खोटे पडल्यास पाच मिनिटे बाहेर, आणि रेफ्रीशी बोलण्याचा अधिकार फक्त कॅप्टनला. सत्र संपले की सगळ्या हाऊसच्या कॅप्टनांना विचारावे, खेळ सुधारला की बिघडला.

सुब्रतो कपला जाणाऱ्या आपल्या संघाला तिथे तिथल्याच नियमांनी खेळावे लागेल, हे खरे. पण पडल्यावर लगेच उठून धावण्याची सवय लागलेला संघ कोणत्याही नियमांत कमी पडणार नाही.