मैत्री फक्त पाटीवर नको

तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात एखादा तरुण मनाचे दुखणे घेऊन येतो, तेव्हा त्याला आधी मानसोपचारतज्ज्ञ भेटत नाही. आधी भेटतो तो केसपेपरच्या खिडकीवरचा कर्मचारी. मग ओपीडीतल्या सिस्टर, वॉर्डातल्या मावशी, रात्रपाळीचे डॉक्टर. त्यांच्या तोंडून निघालेल्या पहिल्या दोन वाक्यांवर ठरते, की हा तरुण पुन्हा दवाखान्याची पायरी चढेल की नाही. म्हणून आमचे म्हणणे आहे की शिरूर आणि दौंड तालुक्यांतील सरकारी रुग्णालयांत, न्हावरे आणि यवतच्या ग्रामीण रुग्णालयांत व प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम करणाऱ्या सर्वांना तरुणांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण मिळाले पाहिजे. त्या प्रशिक्षणात जातीच्या प्रश्नाला बगल देता कामा नये.

या दोन तालुक्यांतील तरुणांच्या आयुष्यात ताण कुठून येतो, हे शोधायला लांब जावे लागत नाही. रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर आणि कुरकुंभच्या कारखान्यांत आपली मुले ठेकेदाराकडे कामाला आहेत. उद्या गेटवर घेतील की नाही, याची खात्री नाही. दौंडच्या मैदानावर पहाटे धावणारी मुले भरतीची तीन-तीन वर्षे वाट पाहतात. वय निघून गेले की घरी तोंड दाखवायची लाज वाटते. शिष्यवृत्ती रखडली की कॉलेजची फी रखडते. मुलींच्या बाबतीत शिक्षण सुटणे आणि लवकर लग्न ठरणे हे एकाच महिन्यात घडते. त्यात १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा परिसरात जे झाले, ते पाहिलेली तेव्हाची लहान मुले आज कॉलेजात आहेत. त्यांच्या मनात काय उरले आहे, हे आपण कधी विचारले का?

हे दुखणे दवाखान्यात स्वतःचे नाव सांगून येत नाही. ते डोकेदुखी, छातीत धडधड, झोप न येणे, पोटात गोळा, अंगात त्राण नाही अशा रूपांत येते. तपासण्या होतात, सलाइन लागते, 'काही नाही, टेन्शन घेऊ नको' असे सांगून पाठवणी होते. २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला. त्याच सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचत नाहीत.

आम्ही मागतो आहोत ती कोणाची मेहेरबानी नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चे कलम ३१ सांगते की सरकारी आरोग्य संस्थांतील सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत आणि तातडीच्या मानसिक उपचारांचे प्रशिक्षण सरकारने दिलेच पाहिजे. कलम १८ प्रत्येकाला या सेवेचा हक्क देते आणि ती देताना जात, धर्म, लिंग, वर्ग असा भेद करायला मनाई करते. कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरायचे असते. तिला उपचार आणि पुनर्वसन देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. तरीही अशा रुग्णाला आरोपीसारखे वागवणे, 'आईबापाचा विचार नाही केला का?' असे वॉर्डभर ऐकवणे, ही सवय ठिकठिकाणी टिकून आहे. जीव वाचवला पण माणसाला हाकलले, याला उपचार कसे म्हणायचे?

'तज्ज्ञच नाहीत, तर प्रशिक्षण देऊन काय होणार?' असे विचारले जाते. याचे उत्तर शेजारच्या गोव्याने दिले आहे. तिथे 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या स्थानिक समुपदेशकांना नेमले. नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांचा हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी केंद्रांत अशी मदत मिळालेल्यांपैकी ६५.९ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ४२.५ टक्के होते. मात्र त्या समुपदेशकांना एकटे सोडले नव्हते. त्यांच्या मागे डॉक्टर आणि तज्ज्ञांची देखरेख होती. एक दिवसाचे शिबिर, चहा-बिस्किटे, प्रमाणपत्र आणि गटाचा फोटो यातून काही साधणार नाही. प्रशिक्षण दर काही महिन्यांनी व्हावे आणि अडलेल्या वेळी विचारायला फोनवर तज्ज्ञ असावा.

शिकवायचे काय, तेही अवघड नाही. रुग्णाला बाजूला बसवणे. नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर थांबवणे, कारण सासू किंवा वडील शेजारी उभे असताना मुलगी बोलणार नाही. मध्ये न बोलता ऐकणे. 'जगणे नको असे वाटते का?' हे सरळ, शांतपणे विचारणे. असे विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट ओझे उतरते. ऐकलेले बाहेर न फोडणे. गावाकडच्या दवाखान्यात हे सर्वांत महत्त्वाचे. आणि कागदावर 'पुण्याला न्या' एवढेच न लिहिता कुठे, कोणाकडे, कोणत्या दिवशी हे सांगणे आणि आठवड्याने विचारपूस करणे. शिरूर असो वा दौंड, पुण्याची फेरी म्हणजे एका रोजंदाराची दिवसाची मजुरी बुडते.

आता जातीचा मुद्दा. 'दवाखान्यात जात कुठे असते?' असे म्हणणाऱ्यांनी डॉ. पायल तडवी यांचे नाव आठवावे. आदिवासी समाजातील ही तरुण डॉक्टर मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकत असताना मे २०१९ मध्ये गेली, आणि जातीय छळाच्या आरोपावरून वरिष्ठ डॉक्टरांवर खटला दाखल झाला. ॲप्रन घातलेल्या मुलीवर ही वेळ येते, तर केसपेपर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या मुलीचे काय? आडनाव वाचून बदललेला सूर तिला लगेच कळतो. वसतिगृहात, कारखान्यात, वर्गात झालेला अपमान तिने सांगितला, तर 'मनाला लावून घेऊ नकोस' हे उत्तर होऊ शकत नाही. तो अपमान दुखण्याचे कारण आहे आणि कर्मचाऱ्याने तो तसाच नोंदवला पाहिजे.

सिस्टर आणि डॉक्टरांवर आधीच कामाचा डोंगर आहे, हे आम्हाला मान्य आहे. रिकाम्या जागा भरा, ही मागणी म्हणूनच याच्याच जोडीला हवी. कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या मनाची काळजी घेणे हाही प्रशिक्षणाचा भाग हवा. थकलेला माणूस दुसऱ्याचे ऐकू शकत नाही.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली १० ते १९ वयोगटासाठी जे दवाखाने चालतात, त्यांना महाराष्ट्रात 'मैत्री' हे नाव आहे. आपल्याला या शब्दाचा अर्थ नव्याने सांगायला नको. पण ते नाव पाटीवर राहून चालणार नाही. खोली उघडी हवी, समुपदेशक जागेवर हवा, आणि एकोणिसाव्या वर्षानंतर भरतीच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलालाही तिथे दार हवे.

विनयपिटकात एका आजारी भिक्खूची हकीकत आहे. तो घाणीत पडून होता आणि कोणी जवळ जात नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि स्वतः त्या भिक्खूला धुऊन नीट निजवले. त्याला कोणी दोष दिला नाही. आपल्या घरात मात्र आपण उदास मुलाला 'बाबासाहेबांनी केवढे सोसले आणि तू?' असे म्हणून गप्प करतो. बाबासाहेबांचे नाव मुलांना उभे करण्यासाठी आहे, लाजवण्यासाठी नाही.

प्रत्येक सरकारी रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते. गावोगावच्या विहार समित्यांनी आणि महिला मंडळांनी तिच्याकडे लेखी विचारणा करावी: किती कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण मिळाले, मैत्री दवाखाना कोणत्या दिवशी उघडा असतो, टेली-मानसचा क्रमांक दर्शनी भिंतीवर आहे का? १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. त्या दिवशीच्या भाषणांआधी ही उत्तरे हाती आली पाहिजेत. तोवर १४४१६ हा क्रमांक प्रत्येक विहाराच्या फळ्यावर लिहा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते.