कपाटातील यंत्र आणि फुगलेले सेल

लष्करात धातुशोधक यंत्राचे, म्हणजे मेटल डिटेक्टरचे, नाव निघाले की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे किल्ल्यावरची गंगाजळी उभी राहते. शिंद्यांच्या त्या खजिन्याच्या कथा ऐकत वाढलेल्या मुलांच्या बाबतीत हे स्वाभाविकच आहे. आमच्या परिचयाच्या एका शाळेतील यंत्राची कथा मात्र अगदी साधी आहे. परीक्षा आटोपल्यावर ते कपाटात ठेवले गेले. सुटीनंतर पाहतात तो सेल आत घट्ट रुतून बसलेले! यंत्र 'निकामी' ठरले.

वस्तुतः बिघाड होता तो सेलचा. साध्या कोरड्या सेलचे जस्ताचे भांडे वीज देता देता झिजते, त्यास भोके पडतात आणि आतील नवसागराचा ओला मसाला पाझरतो. अल्कलाइन सेलमधून दाहक पोटॅश येते व हवा लागून त्याची पांढरी खपली धरते. आत वायू साठला म्हणजे सेल फुगतो आणि नळीत अडकतो. ग्वाल्हेरच्या मे महिन्यातील उष्णतेने तर ही क्रिया अधिकच जलद होते. आम्ही कोंकणी माणसे गंजाचा दोष समुद्राच्या खाऱ्या हवेला देत आलो. येथे हवा कोरडी खरी, पण खार सेलच्या पोटातच असतो.

अशा वेळी पेचकस खुपसून सेल उपटण्याचा मोह होतो. त्याने आतील पातळ पत्र्या तुटतात आणि दाहक द्रव डोळ्यांत उडण्याचे भय असते. हातमोजे व चष्मा घालून, नळीचे तोंड खाली धरून ती तळहातावर हलकेच थोपटावी. अल्कलाइन सेलच्या खपलीवर लिंबाच्या रसाचे दोन थेंब, साध्या सेलच्या खपलीवर खाण्याच्या सोड्याचे पाणी, कापसाच्या बोळ्याने लावावे व पुन्हा थोपटावे. अर्धा तास लागला तरी लागू द्यावा. शेवटी नळी पुसून पूर्ण वाळवावी. लिथियमचा सेल फुगला असेल तर मात्र त्याच्या वाटेस जाऊ नये. तो टोचला गेल्यास पेट घेऊ शकतो. ते काम जाणकाराचे.

'मुलांच्या हाती उपकरणे दिली की ती बिघडतात', असे काही पालक व शिक्षकही म्हणतात. आम्हांस हे मान्य नाही. हे यंत्र तर कोणाचाच हात न लागल्यामुळे बिघडले. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी तारेच्या वेटोळ्यांचे असेच उपकरण वापरले. गोळी सापडली नाही, परंतु विद्युत्‌-प्रवर्तनाचे तेच तत्त्व आजच्या यंत्रातही आहे. ते आमच्या मुलांनी केवळ काचेआडून पाहावे काय?

सुटीपूर्वीच्या शेवटच्या शनिवारी नववीच्या दोन विद्यार्थ्यांनी, शिक्षकांच्या देखरेखीखाली, सर्व उपकरणांतील सेल काढून तारखेच्या चिठ्ठीसह वेगळे ठेवावेत. संपलेले सेल केरात वा शेकोटीत जाऊ नयेत. २०२२ च्या नियमांनी ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. यंदा त्या दिवसापुरती कपाटाची किल्ली त्या दोघांच्या हाती द्यावी, अशी मुख्याध्यापकांस आमची विनंती आहे.