जात्यावरचे वाङ्मय

साहित्य संमेलन म्हटले की वाद आणि मांडवाचा खर्च, एवढेच पुष्कळांच्या ध्यानात राहते. फेब्रुवारी २०२५ च्या दिल्लीच्या ९८व्या संमेलनाचेही तसेच झाले. १९५४ नंतर राजधानीत मराठीचा मांडव पुन्हा पडला. त्यातून ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी ‘अभिजात’ ठरलेली. तेव्हा भाषणांना उधाण येणारच! आम्हां इकडच्या मंडळींना मात्र खरी बातमी निराळी वाटली. अध्यक्षपदी होत्या डॉ. तारा भवाळकर. जयसिंगपूरहून अंकलीचा पूल ओलांडला की सांगली. म्हणजे बाई आमच्या शेजारच्याच. कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि या सहाव्या. पहिले संमेलन १८७८ चे, हे लक्षात घ्या, आणि मग हा आकडा पुन्हा वाचा.

ताराबाईंनी शिकवता शिकवता आयुष्य घातले ते ओव्या, उखाणे, कहाण्या यांच्या अभ्यासात. ‘स्त्रीमुक्तीचा आत्मस्वर’ हे त्यांचे पुस्तक वाचलेला माणूस जात्यावरच्या गाण्याला पुन्हा ‘बायकांचा विरंगुळा’ म्हणणार नाही. आमचे काही विद्वान स्नेही अजून म्हणतात. त्यांनी ते वाचलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

माझ्या वर्गात शिरोळ तालुक्यातल्या खेड्यांतून मुली येतात. त्यांना मी एक काम देतो: घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडून दहा ओव्या लिहून आणा. एक मुलगी कोरी वही घेऊन आली. म्हणाली, “सर, आजी म्हणती, खुंट्याला हात लागल्याबिगर ओवी येत न्हाई.” जाते परसात पालथे पडलेले. मी म्हटले, “मग उचलून आण की घरात!”

पंधरा दिवसांनी वहीत बत्तीस ओव्या होत्या. पैकी चार कोणत्याही संग्रहात मी पाहिलेल्या नाहीत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सव्वाचारच्या सुमारास कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा ही आजी नवी सून म्हणून दळायला बसलेली. जाते हादरले, पोरीला वाटले, आपल्याच हातून काही बिघडले, आता सासू बोलणार! धरणी हलली त्यापेक्षा सासूचे भय मोठे, असे त्या ओव्यांत आहे. इतकी वर्षे घरात कुणाला ठाऊक नव्हते.

साने गुरुजींनी ओव्या जमवल्या. गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी तर पुण्याहून काम उभारून लाखाच्या वर गोळा केल्या. तरी शिरोळच्या एका परसातल्या चार राहिल्याच होत्या. अभिजाततेपायी येणाऱ्या पैशातून परिसंवाद आणि स्मरणिका खुशाल निघोत. पण थोडे पैसे अशा परसांकडे वळावेत, कारण तिथे थांबायला वेळ नाही. स्मरणिका पुढच्या वर्षीही छापता येते.

भाऊबिजेला आत्या, मावश्या एका घरी जमतील. तेव्हा हा अंक बाजूला ठेवून एक वही काढा. ओवी सांगताना त्या मध्येच थांबल्या, तर पुढची ओळ आपण सुचवू नका.