खेळाडू मुलाचा पहिला करार

मुलगा नोकरीस लागतांना घरांतील वडील मंडळी पगार, बढती, रजा हें सर्व बारकाईनें विचारतात. तोच मुलगा खेळाडू म्हणून पहिल्या करारावर सही करूं लागला, म्हणजे मात्र सर्वांची दृष्टि रकमेवरच खिळते. आमच्या मतें येथें रकमेपेक्षां मुदत महत्त्वाची; आणि मुदतीहूनही महत्त्वाचें, तें मुदत संपल्यावर मागें उरणारें बंधन.

लालबाग, परळ, दादर या भागांतील मैदानांवर मंडळाच्या नांवासाठीं खेळली जाणारी कबड्डी पूर्वीं फार तर बँकेंत किंवा रेल्वेंत नोकरी मिळवून देई. २०१४ सालीं प्रो कबड्डीचा पहिला सामना वरळीस झाला, आणि हा खेळ चरितार्थाचें साधन बनला. २०२४ च्या लिलावांत सर्वांत खालच्या वर्गाची बोलीदेखील ९ लाख रुपयांपासून सुरू झाली. एवढी रक्कम समोर दिसल्यावर विशींतला मुलगा कागदाचें शेवटचें पान कशाला वाचील?

याबाबत उत्तर अमेरिकेंतील बर्फावरच्या हॉकीचा नियम पाहण्याजोगा आहे. तेथें क्लबांचे मालक व खेळाडूंची संघटना यांच्यांत २०१३ सालीं झालेल्या करारनाम्याप्रमाणें १८ ते २१ वर्षांच्या नवख्याचा पहिला करार तीन वर्षांचा, २२-२३ वर्षांच्याचा दोन वर्षांचा व २४ वर्षांच्याचा एकच वर्षाचा ठरला. पगारासही कमाल मर्यादा होती. मुदतीनंतर क्लबाचा कांहीं हक्क उरे. पण तो किती, हें आधींच छापलेलें असे.

आपल्याकडील बोध मुंबईच्या उच्च न्यायालयांत सुरू झालेल्या एका दाव्यांतून मिळतो. श्रीरामपूरचा झहीर खान ऑक्टोबर २००० मध्यें भारतीय संघांत नवखाच होता. त्याच महिन्यांत त्यानें आपल्या जाहिरातींचें काम पाहण्यासाठीं पर्सेप्ट डी'मार्क या कंपनीशीं तीन वर्षांचा करार केला. त्यांत असें कलम होतें कीं, दुसऱ्या कोणाचा प्रस्ताव आल्यास तो प्रथम या कंपनीस कळवावा, व तेवढेंच देण्याची संधि तिला द्यावी. २००३ सालीं मुदत संपली, झहीर दुसरीकडे गेला, आणि कंपनीनें या कलमावर बोट ठेवून दावा लावला. एका न्यायमूर्तींनीं त्यास मनाई केली. खंडपीठानें ती उठविली. आणि मार्च २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें खंडपीठाचाच निर्णय कायम केला. १८७२ च्या करार-कायद्याच्या २७ व्या कलमाप्रमाणें, करार संपल्यावर धंद्यास अडविणारी अट चालत नाहीं, असें न्यायालयाचें मत पडलें.

निकाल खेळाडूच्या बाजूचा झाला खरा. पण मुदत संपल्यापासून त्यास जवळ जवळ अडीच वर्षें लागलीं. नामांकित गोलंदाजास वकील परवडतो. चाळींतल्या चढाईपटूस तो कोठून परवडावा?

म्हणून घरांतील कर्त्या माणसांनीं सहीपूर्वीं चार प्रश्न विचारावे. मुदत किती? ती वाढविण्याचा हक्क एकट्या संघाचा, कीं दोघांचा? दुखापत झाल्यास औषधोपचार व पगार कोणाकडे? आणि शेवटच्या दिवसानंतर मुलगा खरोखर मोकळा होतो काय? अठरा वर्षें पूर्ण न झालेल्या मुलाचा करार कायद्यानें मुळींच उभा राहत नाहीं, हेंही ध्यानांत असावें.

उत्तरें तोंडी घेऊं नयेत, कागदावर घ्यावीं. खेळाडूच्या उमेदीचीं वर्षें थोडीं असतात. तीं कोणाच्या स्वाधीन करतों, हें पाहणें वडीलधाऱ्यांचें कर्तव्य आहे.