वही पुसत नाही म्हणता, पण वहीत लिहितो कोण?



बांधावर आता नवे पाहुणे येऊ लागले आहेत. हे बियाणेवाले नाहीत, औषधवाले नाहीत. हे पृथ्वी वाचवायला निघालेले कंपनीवाले आहेत. तुमचा कापूस सेंद्रिय आहे, तुमच्या मातीत कार्बन मुरला आहे, याची नोंद आम्ही 'ब्लॉकचेन'वर करतो. ती ब्रह्मदेवालाही पुसता येणार नाही. मग परदेशी गिऱ्हाईक चढा भाव देईल, असे ते सांगतात. पाहुण्याला गूळपाणी जरूर द्यावे. अंगठा देण्याआधी मात्र आपल्या अटी ऐकवाव्यात.

ब्लॉकचेन म्हणजे काय? गावाची एकच वही शंभर घरी ठेवली आहे असे समजा. नवी ओळ सगळ्या वह्यांत एकदम चढते आणि प्रत्येक पानावर मागच्या पानाचा ठसा असतो. एका घरी कोणी खाडाखोड केली तर बाकीच्या नव्याण्णव घरी ती उघडी पडते. कल्पना चांगली आहे. आम्ही तंत्रज्ञानाचे वैरी नाही. २००१ साली गुजरातेतला बीटी कापूस जाळण्याचे फर्मान निघाले, तेव्हा शेतकरी चळवळ तो पेरणाऱ्यांच्या बाजूने उभी राहिली होती.

पण न पुसणाऱ्या वहीचे कौतुक आमच्यापुढे जरा जपून करावे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी कुणब्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते जाळली. ती वही पुसता येत नव्हती, हेच तर त्यांचे दुखणे होते. लिहिणारा सावकार, वाचणारा सावकार, आणि कोर्ट मानणार कागदाला. पुढे १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशाला कर्जखताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला. वहीच्या मागे जाण्याचा हा हक्क आमच्या आज्या-पणज्यांनी झगडून मिळवला आहे. संगणक आला म्हणून तो आम्ही सोडणार नाही.

२०२० सालची गोष्ट घ्या. सेंद्रिय कापडाचे 'गॉट्स' हे जागतिक मानक चालवणाऱ्या संस्थेने ऑक्टोबरात जाहीर केले की भारतातल्या २० हजार टन कापसाचे सेंद्रिय दाखले बनावट निघाले. दाखल्यावर क्यूआर कोड होता. मोबाइलने तो वाचला की सरकारी संकेतस्थळ उघडे. फक्त ते संकेतस्थळच नकली होते! ब्लॉकचेनवाले म्हणतील, आमच्याकडे असा दाखला चालला नसता. खरे आहे. नकली दाखला पकडला गेला असता. पण खऱ्या दाखल्याखालचा नकली माल कोण पकडणार? १७० किलोच्या एका गाठीला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. जिनिंगच्या आवारात दहा गावांचा कापूस एकाच गंजीत पडतो. सरकीपासून रुई सुटते, तिथेच शेतकऱ्याचे नावही सुटते. गाठीवर कोड लावून तिचा माग गिरणीपर्यंत लागेल. आमच्या पऱ्हाटीकडे येणारी वाट मात्र गंजीत हरवते. वही लिहिलेले राखते. खरे लिहिले की खोटे, हे ती पाहत नाही.

कार्बनची कथा याहून बोलकी आहे. एक टन कार्बन डायऑक्साइड वाचवला की एक क्रेडिट, असा हा हिशेब. २०२१ साली 'क्लायमाडाओ' नावाच्या मंडळींनी अशी क्रेडिटे ब्लॉकचेनवर आणून त्यांच्या जोरावर टोकन, म्हणजे संगणकातले नाणे, काढले. त्या ऑक्टोबरात नाण्याचा भाव तीन हजार डॉलरच्या वर गेला आणि वर्षभरात पाच डॉलरच्या खाली आला. त्यामागची बरीच क्रेडिटे जुनी, गिऱ्हाईकावाचून पडून राहिलेली होती. मे २०२२ मध्ये क्रेडिटांची नोंदणी ठेवणाऱ्या 'व्हेरा' संस्थेने, एकदा खर्ची पडलेल्या क्रेडिटांवर टोकन काढायला बंदी घातली. जुना माल नव्या पोत्यात भरला म्हणून हवेत जाणारा धूर कमी होत नाही.

म्हणून हरित ब्लॉकचेन काढणाऱ्यांनो, आमच्याकडे यायचे तर या अटींवर या.

एक. जे काम साध्या पावतीने होते, त्याला ब्लॉकचेन लावू नका. वहीत लिहिणारी तुमची एकच कंपनी असेल, तर शंभर घरच्या वह्यांचे सोंग कशाला?

दोन. वजन, ओलावा, प्रत यांची नोंद चढण्याआधी ती शेतकऱ्याला मराठीत वाचून दाखवा. पटली नाही तर त्याची हरकत त्याच वहीत, त्याच ओळीखाली चढली पाहिजे.

तीन. दाम रुपयांत आणि बँक खात्यात. टोकन नको. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही. पण २०२२ पासून असल्या नाण्यांच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. भाव पडला तर नुकसान आमचे, चढला तर वाटा सरकारचा, हा धंदा आम्हाला परवडत नाही.

चार. आमच्या मालाचा माग काढता, तसा भावाचाही काढा. गिऱ्हाईकाने काय दिले, तपासणीला काय गेले, तुम्ही काय ठेवले आणि आमच्या हाती काय आले, हे सारे त्याच वहीत उघड लिहा.

पाच. बिटकॉइनसारखी वीज खाणारी पद्धत नको. इथेरियमने सप्टेंबर २०२२ मध्ये पद्धत बदलून ९९ टक्क्यांहून जास्त वीज वाचवली. म्हणजे जमते. रात्री बाराला मोटार चालू करायला विहिरीवर जाणाऱ्यापुढे विजेची उधळपट्टी करून हिरवेपणाच्या गोष्टी सांगू नका.

सहा. दुकान बंद झाले तर काय, ते करारातच लिहा. आयबीएम आणि मर्स्क यांच्यासारख्या बलाढ्य कंपन्यांनी २०१८ मध्ये जहाजी मालासाठी 'ट्रेडलेन्स' काढले. बाकीचा धंदा पुरेसा सोबत आला नाही, आणि २०२२ मध्ये ते गुंडाळत असल्याचे जाहीर झाले. त्यांचे हे, तर तुमचे काय? तुम्ही गेलात तरी नोंदी आमच्या हाती राहिल्या पाहिजेत आणि देणे चुकते झाले पाहिजे.

या अटी मान्य असतील तर आम्ही स्वतः काट्यावर उभे राहून नोंदी करू. कोरडवाहू शेतकऱ्याला कष्टाचे वावडे नाही. फुकट मातीची राखण करून शहरातल्यांच्या धुराचे पाप धुण्याचे मात्र आहे. माती राखणे हेही काम आहे आणि कामाला दाम असतो.

ज्या तालुक्यात असे करार फिरत आहेत, तिथल्या कार्यकर्त्यांनी त्यांची प्रत जिल्हा बैठकीला आणावी. सगळ्यांसमोर वाचून होईपर्यंत अंगठा नाही, सही नाही आणि मोबाइलवर आलेला ओटीपीही कोणाला सांगायचा नाही.