आमच्या याद्यांना कुलूप का नाही?

सरकारी संकेतस्थळावरून गोरगरिबांची माहिती बाहेर पडली की दोनच उत्तरे मिळतात : ‘तांत्रिक चूक होती’ आणि ‘आता दुरुस्त केली आहे’. ही उत्तरे आम्हाला मान्य नाहीत. कुणाच्या माहितीला कुलूप लावायचे आणि कुणाची उघडी टाकायची, हे यंत्र ठरवत नाही. माणसे ठरवतात.

एप्रिल 2018. आंध्र प्रदेशच्या गृहनिर्माण महामंडळाच्या संकेतस्थळावर घरकुलाच्या सुमारे 1.34 लाख लाभार्थ्यांचे आधार क्रमांक आणि बँक खाती उघडी पडलेली होती. सोबत धर्म आणि जात. पासवर्डची गरज नव्हती. जात निवडा, धर्म निवडा, यादी समोर! संशोधक श्रीनिवास कोडाली यांनी हे उघडकीस आणल्यावर मग दार लावले गेले. दंगलीच्या रात्री ‘यांची घरे कुठली’ हे विचारत फिरावे लागते. इथे सरकारनेच ती यादी तयार करून ठेवली होती. गावकुसाबाहेरची वस्ती आता संगणकातही गावकुसाबाहेरच, फक्त वाट जास्त सोपी.

त्याच्या आदल्याच वर्षी सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीने चार सरकारी पोर्टले तपासली. रोजगार हमी आणि वृद्ध, विधवा, अपंगांच्या पेन्शनची पोर्टले त्यात होती. त्यांच्या अंदाजाने 13 कोटींच्या आसपास आधार क्रमांक आणि 10 कोटींच्या आसपास बँक खाती उघडी होती. पेन्शनच्या पोर्टलवर तर वेबपत्त्यातला एक छोटा भाग बदलला की झाकलेले आकडे दिसू लागत. याला हॅकिंग म्हणायचे? हे उघड्या दारातून आत डोकावणे झाले. डीमॅट खातेदारांच्या याद्या अशा पडलेल्या असत्या तर त्याच दिवशी संसदेत गोंधळ झाला असता.

आणि दार उघडे आहे असे सांगणाऱ्याचे काय होते? जानेवारी 2018 मध्ये ‘द ट्रिब्यून’च्या पत्रकार रचना खैरा यांनी 500 रुपयांत आधारची माहिती मिळते हे दाखवले. प्राधिकरणाच्या तक्रारीवरून झालेल्या एफआयआरमध्ये त्यांचेच नाव आले. चोराआधी राखणदाराला पकडायची ही जुनीच रीत.

काही भले लोक म्हणतात, मग जात नोंदवूच नका. हा सापळा ओळखा. जात मोजली नाही तर आमचा वाटा कशावरून मागणार? जातनिहाय जनगणना आम्हाला हवीच आहे. पण किती लोक हे मोजणे वेगळे आणि कोणता माणूस कुठल्या घरात राहतो हे चव्हाट्यावर मांडणे वेगळे. रोजगार हमीच्या याद्या गावात वाचल्या जाव्यात, बोगस नावे पकडली जावीत, याही बाजूने आम्ही आहोत. त्यासाठी नाव आणि कामाचे दिवस पुरतात. खाते क्रमांक कशाला?

2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत कसूर करणाऱ्याला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. ऐकायला छान. पण त्याच कायद्याने केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मुभाही ठेवली आहे. आमची सगळ्यात जास्त माहिती असते ती सरकारकडेच!

आपल्याकडे महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, खाते सगळे द्यावेच लागते. नाही म्हणायची सोय नाही. नेट कॅफेवाल्याच्या संगणकावर त्या फाईली तशाच राहतात, त्या तेवढ्या स्वतः पुसून या. बाकीचे काम संघटनेचे. समाजकल्याणच्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. या पोर्टलचे शेवटचे सुरक्षा ऑडिट कोणत्या तारखेला झाले, कोणत्या संस्थेने केले, लाभार्थ्याच्या जातीचा रकाना किती लॉगिनना दिसतो, आणि माहिती फुटली तर लाभार्थ्याला कळवायची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याची, पदनामासह. सुरक्षेच्या नावाखाली उत्तर नाकारले तर पहिले अपील 30 दिवसांत करा. तारीख आणि पद सांगितल्याने कुठलेच कुलूप तुटत नाही.